मार्क कशाचे मिळतात?

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत शाळा सुरू होण्याच्या सुमारास गेलं, तर पाठ्यपुस्तकांशेजारी शिष्यवृत्ती परीक्षेच्या मार्गदर्शकांचा आणि सराव प्रश्नसंचांचा गठ्ठा हमखास दिसतो. ही परीक्षा वर्षानुवर्षं चौथी-सातवीला होती, मग काही वर्षं पाचवी-आठवीला होती; घरोघरी तिचं नाव मात्र ‘स्कॉलरशिप’च राहिलं. भाषा, गणित, इंग्रजी यांच्या जोडीला तिच्यात ‘बुद्धिमत्ता चाचणी’ नावाचा एक स्वतंत्र विभाग असतो. संख्यामालिका पूर्ण करा, विसंगत पद ओळखा, आरशातली प्रतिमा निवडा, रमेशच्या आईच्या भावाचा मुलगा रमेशचा कोण ते सांगा. बुद्धी जन्मजात असते, ती शिकवून येत नाही, असं चारचौघांत ठासून सांगणारे पालक याच विभागासाठी मार्गदर्शक विकत घेतात आणि क्लासही लावतात. आणि गंमत अशी, की सराव केलेल्या मुलाला त्या विभागात खरोखरच जास्त मार्क मिळतात.

मग त्या विभागात मोजलं काय गेलं? मुलाची उपजत समज? रोज संध्याकाळी तासभर न कंटाळता बसण्याचा त्याचा स्वभाव? की संध्याकाळी त्याला घेऊन बसायला घरात मोकळं माणूस आहे, ही परिस्थिती? परीक्षेच्या निकालात या तिन्हींची बेरीज एकाच आकड्यात छापून येते. तो आकडा सोडवून पाहण्याचा प्रयत्न म्हणजे हे पुस्तक, आणि त्या प्रयत्नाची पार्श्वभूमी म्हणजे ही प्रस्तावना.

पालकसभेत ऐकू येणारे शेरे आठवून पाहा. ‘डोकं आहे, पण बूड स्थिर नाही.’ ‘हुशार आहे, वापरत नाही एवढंच.’ ‘गरीब आहे हो बिचारी, वर्गात आवाज म्हणून नाही.’ ‘याला काही सांगून उपयोग नाही, मूळचाच ढ आहे.’ मानसशास्त्र ज्यांना बुद्धी, व्यक्तिमत्त्व आणि वर्तन म्हणतं, ती तिन्ही या वाक्यांत एकमेकांत कालवलेली असतात. बुद्धी म्हणजे ढोबळमानाने नवं समजून घेण्याची, संबंध ओळखण्याची, विचार करून अडचण सोडवण्याची ताकद. व्यक्तिमत्त्व म्हणजे माणसाचा बराचसा टिकून राहणारा कल: तो धीट आहे की बुजरा, नेटका की गबाळा, चटकन चिडणारा की शांत. वर्तन म्हणजे तो प्रत्यक्षात काय करतो. यातलं फक्त शेवटचं डोळ्यांना दिसतं. पन्नास मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांच्या तासिकेत शिक्षकाला वर आलेले हात दिसतात, पूर्ण-अपूर्ण वह्या दिसतात, मागच्या बाकावरची खुसपुस ऐकू येते. बुद्धी आणि स्वभाव यांचा अंदाज त्याला त्यावरूनच बांधावा लागतो. माझं म्हणणं असं, की आपली शाळा मुख्यतः वर्तन वाचते आणि त्यालाच बुद्धी म्हणते. आणि ते वर्तन निम्मंअधिक शाळेनेच घडवलेलं असतं, हे तिच्या ध्यानात येत नाही.

आजची बुद्धिचाचणी मुळात याच्या उलट हेतूने आली होती. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षण खात्याने एक आयोग नेमला. सक्तीच्या शिक्षणामुळे सगळीच मुलं वर्गात आली होती आणि त्यातल्या काहींना नेहमीच्या वर्गात काहीच पदरात पडत नव्हतं. अशी मुलं ओळखायची कशी? शिक्षकांच्या सांगण्यावर सोपवलं, तर दांडगट मुलांना ‘मंद’ म्हणून बाहेर काढलं जाण्याची भीती होती. म्हणजे वर्तन आणि बुद्धी यांची गल्लत तेव्हाही होत होती, आणि ती टाळायलाच चाचणी हवी होती. आल्फ्रेड बिने आणि त्याचा तरुण सहकारी तेओदोर सिमों यांनी १९०५ मध्ये तीस कृतींची एक मालिका तयार केली. जळत्या काडीमागे मुलाची नजर फिरते का, ऐकलेले आकडे त्याला परत म्हणता येतात का, शब्दांचे अर्थ सांगता येतात का, अशा सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या कृती. १९०८ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी ‘मानसिक वय’ आणलं. कोणत्या मुलाला जादा मदत लागेल, एवढंच बिनेला हवं होतं. बुद्धी वाढूच शकत नाही असं म्हणणाऱ्यांवर तो जाहीरपणे टीका करायचा, आणि मागे पडलेल्या मुलांसाठी लक्ष आणि स्मरण यांचे व्यायामही त्याने सुचवले होते.

१९११ मध्ये बिने वारला. पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्नने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची युक्ती काढली. १९१६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मनने तिला शंभराने गुणलं आणि बुद्ध्यांक सर्वतोमुखी झाला. टर्मनला बुद्धी आनुवंशिक आणि स्थिर वाटत होती. १९२१ पासून त्याने कॅलिफोर्नियातल्या दीड हजारांवर अतिबुद्धिमान मुलांचा आयुष्यभर माग ठेवला. त्यातली बरीच मुलं पुढे चांगल्या हुद्द्यांवर पोचली, हे खरंच. पण त्या निवडीत चाचणी देऊनही न बसलेल्या दोन मुलांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं: विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ. निवडलेल्या दीड हजारांत नोबेल एकालाही नाही. एवढ्यावरून चाचणी खोटी ठरत नाही. पण तिचा आकडा कपाळावर कोरण्याच्या लायकीचा नाही, एवढं नक्की कळतं.

आपल्याकडे हे काम धारवाडला झालं. तेव्हा धारवाड मुंबई प्रांतात होतं. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या कसोट्या मराठी आणि कानडी मुलांवर वापरून पाहिल्या, इथल्या जगण्यात न बसणारे प्रश्न बदलले, वयानुसार क्रम नव्याने लावला आणि १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलं. ‘बिने-कामत’ हे नाव आजही रुग्णालयांच्या आणि समुपदेशन केंद्रांच्या अहवालांत भेटतं. ज्यांनी आपल्या मुलाचा असा अहवाल हातात घेतला आहे, त्यांतल्या फार थोड्यांना त्यातला कामत कोण हे ठाऊक असतं. मराठीत या माणसावर जेवढं लिहिलं जायला हवं होतं तेवढं लिहिलं गेलेलं नाही. दुसरी धारा पुण्याची. अप्पासाहेब पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली आणि १९६९ मध्ये बुद्धिमान मुलांची स्वतंत्र प्रशाला सुरू झाली. बुद्धिमान मुलं निवडून वेगळी शिकवावीत का, यावर वाद होऊ शकतो. मला स्वतःला ती वेगळी काढणं फारसं पटत नाही. पण निवडलेल्या बुद्धीचं समाजासाठी करायचं काय, हा प्रश्न त्या संस्थेने सुरुवातीपासून विचारला. क्लासवाल्यांच्या ‘टॉपर’ फलकांवर तो कुठे दिसत नाही.

आता मूळ प्रश्न. मार्कांचा किती भाग बुद्धीतून येतो? चार्ल्स स्पिअरमन याने १९०४ मध्ये इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांचे वेगवेगळ्या विषयांतले क्रम तपासले. जे मूल एका विषयात वर, ते बहुधा बाकीच्या विषयांतही वर. यामागे एक सामान्य बौद्धिक शक्ती असावी, असं त्याने मांडलं. नव्वदेक वर्षांच्या अभ्यासांनंतर अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या तज्ज्ञगटाने १९९६ मध्ये जो आढावा घेतला, त्यात बुद्ध्यांक आणि शालेय गुण यांच्यातला सहसंबंध साधारण ०.५ दिला आहे. सहसंबंध ० असला तर संबंध नाही, १ असला तर दोन्ही गोष्टी तंतोतंत बरोबर चालतात. ०.५ चा वर्ग ०.२५, म्हणजे मुलामुलांच्या मार्कांत जो फरक पडतो, त्यातला साधारण चौथा हिस्सा बुद्ध्यांकातल्या फरकाशी जुळतो. इंग्लंडमध्ये इयन डिअरी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सत्तर हजारांवर मुलांची माहिती तपासली. अकराव्या वर्षीची बुद्धिचाचणी आणि सोळाव्या वर्षीची सार्वजनिक परीक्षा यांच्यामागच्या समान घटकांत त्यांना ०.८१ एवढा मोठा सहसंबंध सापडला. गणितातल्या फरकाचा जवळपास ५९ टक्के भाग त्या चाचणीशी जुळत होता, तर चित्रकला-आरेखन या विषयात फक्त १८ टक्के.

हे आकडे ऐकून काही जण हात टेकतात. ‘बघा, शेवटी सगळं डोक्यावरच आहे.’ घाई नको. पहिली गोष्ट, जुळणं म्हणजे कारण असणं नव्हे. सकस आहार, घरातली पुस्तकं, शांत झोप, शिकलेली आई यांमुळे बुद्धिचाचणीतही मूल वर येतं आणि परीक्षेतही. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. स्टुअर्ट रिची आणि एलियट टकर-ड्रॉब यांनी २०१८ मध्ये सहा लाखांहून अधिक माणसांची माहिती असलेले अभ्यास एकत्र केले. जे देश सक्तीच्या शिक्षणाची वर्षं वाढवतात, तिथे पुढे बुद्ध्यांकाचं काय होतं, असे त्यांतले काही अभ्यास होते. निष्कर्ष असा, की शाळेचं प्रत्येक जादा वर्ष बुद्ध्यांक एक ते पाच अंकांनी वाढवतं. म्हणजे ज्या बुद्धीमुळे मूल शाळेत टिकतं असं आपण म्हणतो, तीच बुद्धी शाळेत टिकल्याने वाढते. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेलं, वर्षातले पाच-सहा महिने शाळेबाहेर राहिलेलं मूल परत आल्यावर ‘मंद’ वाटतं, तेव्हा त्याच्या डोक्याबद्दल शेरा मारण्याआधी हजेरीपट उघडून पाहायला हवा.

स्वभावाकडे येऊ. मानसशास्त्रात व्यक्तिमत्त्वाची पाच मोठी परिमाणं मानतात: बहिर्मुखता, सौजन्य, भावनिक स्थैर्य, नव्याबद्दलचं खुलेपण आणि कर्तव्यदक्षता. आर्थर पोरोपाट याने २००९ मध्ये या पाचांचा आणि शैक्षणिक यशाचा संबंध तपासणारे अभ्यास गोळा केले. एकूण विद्यार्थी सत्तर हजारांच्या घरात. पाचांत एकच गोष्ट ठळकपणे टिकली: कर्तव्यदक्षता. हाती घेतलेलं काम वेळेत आणि नीट तडीस नेण्याची वृत्ती. तिचा सहसंबंध ०.२ च्या थोडा वर आहे, दिसायला लहान. पण त्यात दोन विशेष आहेत. हा संबंध बुद्धीवर अवलंबून नाही. हुशार आणि साधारण दोन्ही मुलांना तो सारखाच लागू पडतो. आणि प्राथमिकपासून महाविद्यालयापर्यंत जाताना बुद्धीचा संबंध पातळ होत जातो, कारण वरच्या वर्गांत पोचणारे बहुतेक जण आधीच गाळून आलेले असतात. कर्तव्यदक्षतेचा मात्र टिकून राहतो. अकरावीला नामांकित महाविद्यालयात गेलेल्या कितीतरी ‘नव्वदपार’ मुलांना पहिल्या सहामाहीत जो धक्का बसतो, त्याचा अर्थ इथे लागतो. तिथे सगळेच हुशार असतात.

अँजेला डकवर्थ आणि मार्टिन सेलिग्मन यांनी २००५ मध्ये आठवीच्या मुलांवर केलेला अभ्यास फार गाजला. वर्षअखेरच्या गुणांशी स्वयंशिस्तीचा संबंध बुद्ध्यांकाच्या दुपटीहून जास्त फरक समजावून सांगतो, असं त्यांना दिसलं. ती शाळाच निवडक मुलांची होती, म्हणजे बुद्ध्यांकात फरक मुळात कमी; तो निकाल कौतुकाने सांगताना हे बहुधा वगळलं जातं. डकवर्थच्याच २०१२ मधल्या अभ्यासाने चित्र जास्त नेमकं केलं. बाहेरच्या प्रमाणित परीक्षांतल्या यशाशी बुद्ध्यांकाचं जास्त जुळतं, तर प्रगतिपुस्तकातल्या मार्कांशी आत्मसंयमाचं. साहजिक आहे. प्रगतिपुस्तकात गृहपाठ, प्रकल्प, वह्या आणि वर्गातलं वागणं हे सगळं मिसळलेलं असतं.

दहावीचा निकाल लागला की आपली वर्तमानपत्रं ‘यंदाही मुलींचीच बाजी’ असा मथळा देतात. तो इतका ठरलेला आहे, की संपादक सुट्टीवर असला तरी छापून येईल. मुली सरासरीने जास्त बुद्धिमान असतात, असं चाचण्या सांगत नाहीत. पण जगभरच्या शालेय मार्कांत मुली पुढे असतात, आणि त्याचं एक स्पष्टीकरण स्वयंशिस्तीतल्या फरकात आहे. आपल्याकडे त्यात आणखी एक भर घालावी लागते. मुलीने वही नीट ठेवावी, अक्षर चांगलं काढावं, सांगितलेलं ऐकावं, एका जागी बसावं, ही अपेक्षा घरातून फार लवकर सुरू होते. भाऊ अंगणात असतो तेव्हा ती भावंडांना सांभाळत, हातातलं काम उरकत अभ्यास करते. हा ‘स्वभाव’ म्हणायचा की वळण? दहावीला हेच वळण उपयोगी पडतं. दहावीनंतर तिला पुढे शिकवायचं की नाही हे ठरवताना मात्र घरात तिच्या मार्कांची आठवण बऱ्याचदा होत नाही.

आत्मसंयमाबद्दल एक गोष्ट आता प्रत्येक प्रेरणादायी व्याख्यानात येते. वॉल्टर मिशेल यांचा मार्शमेलो प्रयोग. स्टॅनफर्डच्या आवारातल्या बालशाळेत मुलासमोर एक मिठाई ठेवायची, आणि पंधरा मिनिटं थांबलास तर दोन मिळतील असं सांगायचं. जी मुलं थांबली ती पुढे परीक्षांत चांगली निघाली, असं १९९० च्या सुमारास प्रसिद्ध झालं. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी सुमारे नऊशे, जास्त वेगवेगळ्या घरांतल्या मुलांची माहिती घेतली, तेव्हा संबंध निम्म्यावर आला. घरची परिस्थिती आणि लहानपणीची बौद्धिक वाढ हिशेबात धरल्यावर त्यातलाही बराच भाग उडाला. ज्या घरात ‘उद्या आणतो’ म्हटलेली वस्तू उद्या येत नाही, तिथल्या मुलाने हातातली मिठाई लगेच खाणं यात संयमाचा अभाव कुठे आहे? त्याने अनुभवावरून शहाणपणाचा निर्णय घेतला आहे. व्याख्याते हा दुसरा भाग सांगत नाहीत, कारण त्याला टाळ्या मिळत नाहीत.

बुद्धी वाढू शकते असं मुलाला स्वतःला वाटणं महत्त्वाचं, असं मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांच्या कामाचंही थोडं असंच झालं. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि त्यांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग मात्र प्रत्येक आईबापाने समजून घ्यावेत असे आहेत. काही मुलांची ‘किती हुशार आहेस’ म्हणून स्तुती केली, काहींची ‘किती मेहनत घेतलीस’ म्हणून. मग अवघड कोडी दिली, सगळीच अडखळली. हुशारीची स्तुती ऐकलेली मुलं लवकर खचली, पुढची सोपी कोडीही त्यांना कमी सुटली, आणि आपले मार्क दुसऱ्या मुलांना कळवताना वाढवून सांगणारीही त्यांच्यातच जास्त निघाली. ‘आमचा हुशार आहे’ हे पाहुण्यांसमोरचं वाक्य मुलाच्या अंगावर किती ओझं टाकतं, ते यात दिसतं. पुढे ‘मानसिकता बदला, मार्क वाढवा’ असा धंदा सुरू झाला. २०१९ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात तासाभराहून कमी वेळाच्या अशा शिकवणीने मागे पडणाऱ्या नववीच्या मुलांच्या सरासरी श्रेणीत फक्त ०.१ गुणांची वाढ दिसली. एवढ्याशा खर्चात तेवढं मिळणं वाईट नाही. पण त्यासाठी पालकांनी हजारो रुपयांची शिबिरं लावावीत, असं त्यात काही नाही.

वर्तनाचा भाग या पुस्तकात सर्वांत मोठा आहे. ‘मस्तीखोर पोरगं वाया जाणार’ हे भाकीत आपण सहज करतो. ग्रेग डंकन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सहा मोठ्या दीर्घकालीन अभ्यासांची माहिती एकत्र तपासली. शाळेत शिरताना मुलाकडे काय असेल तर पुढे मार्क चांगले मिळतात? सर्वांत वर आली संख्यांची सुरुवातीची समज, मग वाचनाची तयारी, मग लक्ष देण्याची क्षमता. दंगा, चिडचिड, बुजरेपणा यांचा पुढच्या मार्कांशी संबंध जवळजवळ निघालाच नाही. म्हणजे वर्गात त्रास देणारं पोर आणि वर्गात मागे पडणारं पोर ही दोन वेगळी पोरं असू शकतात. आपलं लक्ष पहिल्याकडे जातं. दुसरं शांतपणे मागच्या बाकावर बसून तिसरीतून चौथीत जातं, अक्षरओळख नसताना.

वयाचंही असंच. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ३१ डिसेंबर ही प्रवेशाच्या वयाची सीमारेषा आहे. तिथल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी २०१२ मध्ये तपासल्या, तेव्हा डिसेंबरात जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलग्यांना एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) ठरवण्याचं प्रमाण जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त निघालं. मुलींत ७० टक्क्यांनी. अकरा महिन्यांनी लहान असणं हाच त्यांतल्या काहींचा आजार होता. आपल्याकडे तर खऱ्या वयाचीच मारामार. १ जून हा सरकारी वाढदिवस असलेली महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी गुरुजींनी नाव दाखल करताना निर्माण केली. त्यांच्यापैकी किती जण वर्षभर लवकर शाळेत बसले आणि ‘कच्चे’ ठरले, याचा हिशेब आता लागणार नाही.

आता जातीबद्दल. ते टाळून या विषयावर प्रामाणिकपणे लिहिता येत नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. सोडवलेल्या प्रत्येक कोड्याला पैसे होते. जात उच्चारली नाही तेव्हा वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींतल्या मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली, की खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. तीच मुलं, तीच बुद्धी. रेमा हन्ना आणि ली लिंडन यांनी भारतात परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवर जात, लिंग, वय यांची माहिती चिठ्ठ्या टाकल्यासारखी बदलून लावली आणि शिक्षकांकडून त्या तपासून घेतल्या. खालच्या मानलेल्या जातीचं नाव लागलेल्या पेपरला किंचित कमी मार्क मिळाले. आणि हा भेद मुख्यतः त्याच जातीगटांतून आलेल्या शिक्षकांच्या तपासणीत दिसला. हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढे लिहू शकलो नाही. शाळेने आपल्याबद्दल सांगितलेलं माणूस किती खोलवर खरं मानून बसतो, याचा याहून कठोर पुरावा माझ्या वाचनात नाही.

बुद्धी आहे आणि मार्क नाहीत, हे कसं घडतं ते बाजारात दिसतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांना तेरेझिन्या नुनेस आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले. ९८ टक्के बरोबर आले. तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत मांडले, तेव्हा ३७ टक्के. मुलं पाचच होती, म्हणून शंका घ्यायला जागा होती. २०२५ च्या सुरुवातीला अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि चित्र तेच निघालं. आठशे ग्रॅम बटाट्यांचे आणि एक किलो चारशे ग्रॅम कांद्यांचे पैसे तोंडी करणाऱ्या मुलांना शाळेतला साधा भागाकार कागदावर जमेना. त्यातली बरीच मुलं शाळेत जात होती. उलट बाजारात काम न करणारी शाळकरी मुलं कागदावर बरी निघाली आणि बाजारातल्या हिशेबात अडली. दादरच्या भाजीबाजारात आईशेजारी बसलेल्या पोराला सुटे पैसे परत देताना पाहिलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. नवल याचं, की तेच पोर सकाळी शाळेत ‘गणितात कच्चा’ असतं आणि या दोन गोष्टींची गाठ घालून द्यायचं काम कोणाकडेच नाही.

ते कोणी केलं तर काय होतं, याचं उत्तर मुंबईनेच दिलेलं आहे. ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत बालसखी नेमल्या: वस्तीतल्याच, शालेय शिक्षण झालेल्या तरुण मुली. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन, त्यांना जिथून येत नाही तिथून शिकवायचं. बॅनर्जी, डुफ्लो आदींनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत दुसऱ्या वर्षअखेर या शाळांतल्या मुलांचे सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने (मुलामुलांच्या गुणांतला फरक मोजण्याच्या एककाने) वाढलेले दिसले, आणि मुख्य फायदा तळातल्या मुलांना झाला. त्यांच्या बुद्ध्यांकाला कोणी हात लावला नव्हता, स्वभाव बदलायची शिबिरं घेतली नव्हती. त्यांच्या पातळीवरून शिकवलं, एवढंच. याच्या कितीतरी आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर हेच दुसऱ्या टोकाने केलं होतं. वारली मुलं शाळेत येत नाहीत, पळून जातात, असा बोभाटा होता. ती गुरं राखायला जात होती. तेव्हा शाळाच कुरणात गेली आणि तिला ‘कुरणशाळा’ म्हणू लागले. मुलांच्या ‘वर्तनसमस्ये’चा उपाय वेळापत्रकात सापडला.

म्हणून या पुस्तकाची मांडणी मी नेहमीच्या क्रमाने केलेली नाही. बुद्धिमापनावरचा भाग आधी आहे, कारण त्याबद्दलचे गैरसमज सर्वांत घट्ट आहेत. स्वभावाचा भाग मुद्दाम छोटा ठेवला आहे. तिथे सिद्ध झालेलं कमी आणि विकलं जाणारं फार. वर्तन आणि वर्ग यांच्यावरची प्रकरणं लांबली, ती लांबू दिली. डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतांवर स्वतंत्र प्रकरण आहे. २००७ च्या ‘तारे जमीन पर’नंतर त्यांची चर्चा घरोघरी झाली आणि बोर्डाच्या सवलतींची माहितीही पसरली, त्याबरोबर ‘माझ्या मुलाला तेच असेल’ ही चटकन काढलेली समजूतही पसरली. आनुवंशिकतेवर थोडंच लिहिलं आहे. जुळ्यांवरचे अभ्यास महत्त्वाचे आहेत, पण त्यातून वर्गातल्या शिक्षकाने सोमवारी सकाळी काय करावं ते निघत नाही, आणि हे पुस्तक त्याच्यासाठी आहे.

पालकांनी वाचायला सुरुवात अहवालांवरच्या शेवटच्या प्रकरणापासून केली तरी चालेल. मुलाचा बुद्ध्यांक सांगणारा कागद हातात आला, की काय विचारायचं ते तिथे दिलं आहे: चाचणी कोणती होती आणि तिची प्रमाणकं कधीची आहेत, ती मुलाच्या घरच्या भाषेत घेतली का, त्या दिवशी मूल आजारी किंवा घाबरलेलं होतं का, आकड्याची मागेपुढे किती मर्यादा धरायची, आणि चाचणीच्या आधी मुलाचे डोळे आणि कान तपासले होते का. शेवटचा प्रश्न आधी विचारा. फळ्यावरचं न दिसणाऱ्या मुलासाठी चष्म्याच्या दुकानात जावं लागतं; बाकीची प्रकरणं घरी आल्यावर वाचता येतील.